नसलेली पायरी

कुणाविषयी बोलायचं तर आधी जमेची बाजू सांगावी, म्हणजे पुढे काहीही बोललं तरी ऐकणाऱ्याला आपण निःपक्षपाती वाटतो. जावईबापूंच्या जमेला एकच गोष्ट होती. त्यांना झोप लागायची. तुमच्याआमच्यासारखी नव्हे, कूस बदलत, छताकडे बघत, जगाला नावं ठेवत आणलेली झोप ती नव्हेच. डोकं टेकलं की लागली. दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुणाच्या तरी निरोपसमारंभात पहिल्या रांगेत. स्वतःच्या लग्नात फोटोवाला "इकडे बघा" म्हणत असताना ते बसल्या जागी झोपले होते. फोटोत नवरी हसते आहे आणि नवरा डोळे मिटून कुठल्याशा थोर विचारात आहे. सासरेबुवांनी तो फोटो बघून "जावई शांत स्वभावाचा मिळाला" असा निष्कर्ष काढला, आणि तो फोटो आजही हॉलमध्ये टांगलेला आहे, निष्कर्ष मात्र उतरवला गेला आहे.

आता खर्चाची बाजू. जावईबापूंनी विम्याच्या कचेरीत नोकरी केली, छापखान्यात केली, एका गोदामावर पहारेकऱ्याची सुद्धा केली. प्रत्येक ठिकाणी साहेबांनी त्यांना उठवूनच काढलं. शेवटचा साहेब जरा हळवा होता, त्याने उठवलं नाही. उशाशी चिठ्ठी ठेवून गेला. मग बायको म्हणाली, "काही दिवस बाबांकडे राहू." ते काही दिवस अजून संपायचे होते.

सासरेबुवांचं गाद्यांचं दुकान होतं. जुनं, नावाजलेलं, मागे शिवणकामाची खोली, पुढे भलीमोठी काच. त्या काचेमागे मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, एक पलंग मांडला होता. मेहुणा दुकानात 'डिस्प्ले' बघायचा. हे काम असं की त्यात नुसतं बघायचंच असतं. रस्त्यावरून गादी नीट दिसावी म्हणून त्याने पलंगाच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे सारले होते, त्यामुळे पलंग रस्त्याकडे उतरता झाला होता, आणि खाली चमक यावी म्हणून फळीवर साटीन पसरलं होतं. त्यावर गादी. दिसायची छान, पण रोज बोटभर पुढे घसरायची. रोज सकाळी त्याची बहीण, म्हणजे जावईबापूंची बायको, येऊन ती मागे ढकलायची. मेहुण्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, गादी आपला शब्द मानते.

एवढं करून गिऱ्हाईक काचेसमोर थांबेना. रिकामा पलंग बघून कुणाच्या मनात काय यायचं? इस्पितळच. अशात एका दुपारी सासरेबुवा मागच्या खोलीत गेले, तर कापसाच्या गठ्ठ्यावर जावईबापू असे झोपले होते की त्यांना बघून सासरेबुवांनाच जांभई आली. दुसरा कुणी असता तर संतापला असता. सासरेबुवा व्यापारी होते. त्यांनी मनात म्हटलं, हा माणूस इथे फुकट झोपतोय. तोच पुढे झोपला तर?

तर अशा रीतीने जावईबापूंना त्यांच्या लायकीचं काम मिळालं. जेवण झालं की पट्ट्यापट्ट्यांचा नाइटड्रेस घालायचा, काचेत शिरायचं आणि झोपायचं. वर पाटी होती: 'टेकलात की लागली!' लोक थांबू लागले. आधी थट्टा करायला, मग हेवा करायला. शेजारच्या बँकेतले कारकून जेवणाच्या सुट्टीत येऊन नुसते उभे राहायचे, आणि त्यांतला एखादा सुस्कारा टाकून आत शिरायचा. शाळकरी पोरांनी नाव ठेवलं, झोपेश्वर. सासरेबुवा नातेवाइकांत "आमचे जावई डिस्प्लेत असतात" असं सांगू लागले, जसं लोक "आमचे परदेशात असतात" सांगतात.

आणि मग जावईबापू पडायला लागले.

पलंगावरून नव्हे. झोपेतून. डोळा लागून झोप नीटशी खोल गेलेलीही नसायची, अशा वेळी ते एका जिन्यावर असायचे. खाली उतरत असायचे, अगदी आरामात, एक हात खिशात. शेवटची पायरी आहेच असं धरून पाय टाकायचे, आणि ती पायरी नसायची. सगळं अंग झटका खाऊन उसळायचं, हात एकीकडे, पाय दुसरीकडे. जागे व्हायचे तेव्हा काळीज धाडधाड करत असायचं आणि काचेपलीकडे पंधरावीस चेहरे तोंड उघडं टाकून बघत असायचे.

पहिल्याच वेळी त्यांच्या लाथेने शोभेचा दिवा गेला. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ, ज्यांचा हात पाकिटापर्यंत पोचला होता, ते थबकले आणि सासरेबुवांना म्हणाले, "गादीत करंट सोडलाय का हो?"

"छे! छे! अंगात चैतन्य आहे, चैतन्य!"

"मला झोप हवी होती," गृहस्थ म्हणाले, आणि हात पाकिटावरून खाली आला.

पोरांना मात्र नवा खेळ मिळाला. शाळा सुटली की काचेला नाकं लावून बसायची. "आता पडेल... आता पडेल... पडला!" आणि टाळ्या. गर्दी वाढली, गिऱ्हाईक घटलं. व्यापारात याहून वाईट काही नसतं, कारण दुरून बघणाऱ्याला तुमचं बरं चाललंय असं वाटतं आणि सहानुभूतीही मिळत नाही.

घरात खल सुरू झाला. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना होतं हे. झोप लागताना अंग सैल पडतं, मेंदूला वाटतं आपण पडतोय, म्हणून तो दचकवतो. काळजीचं काही नाही."

"सगळ्यांना होतं म्हणजे काय?" सासरेबुवा भडकले. "सगळे काय माझ्या काचेत झोपतात?"

सासूबाईंचं मत पडलं की पोट जड होत असणार; तेव्हापासून जावईबापूंना वाढताना त्यांनी हात आखडता घेतला. मेहुण्याने कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. तो म्हणाला, "हे सगळं मनाचं असतं. पडायची भीती असते आत. भावजी, तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते हो?" असं म्हणून त्याने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की भावजींना कसली भीती वाटायला हवी ते सगळ्यांनाच कळलं.

जावईबापूंनी या प्रश्नावर झोप येईपर्यंत विचार केला. म्हणजे फारसा नाही. पण जेवढा केला तेवढ्यात त्यांना जाणवलं की या घरात आपला पाय जिथे म्हणून पडतो, ते पायपुसणंसुद्धा दुसऱ्याचं आहे.

त्यांच्या बायकोचं दुखणं वेगळं होतं. लग्नाआधी ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गाद्यांच्या कडा शिवायची. लहानपणापासून. तिचा टाका गिऱ्हाइकाच्या नातवंडांनी उड्या मारल्या तरी हलायचा नाही. लग्न झालं आणि सासरेबुवांनी ते बंद केलं, "आता जावयाच्या बायकोने हातात दाभण धरणं बरं दिसत नाही" म्हणाले. जावयाने स्वतः काचेत नाइटड्रेस घालून झोपणं त्यांना बरं दिसत होतं. ते असो. तिला हवं होतं एक दार. बापाच्या घरात त्या दोघांना जी खोली दिली होती ती हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. पाणी प्यायचं तर सगळ्यांना तिच्यातूनच जावं लागे, आणि त्या घरातली माणसं तहानेची फार. सासूबाई जाताना खाकरायच्या, मेहुणा तेवढंही करायचा नाही.

त्यातच सासरेबुवांनी बसस्टॉपजवळ एक दुसरा गाळा घेतला. छोटा, पण वर एक खोली. खोलीला स्वतंत्र जिना, स्वतंत्र दार. हे ऐकल्यापासून बायको त्या दाराविषयी असं बोलू लागली की जणू त्याला दोन भुवया आणि गालावर खळी आहे.

"गाळा कुणी चालवायचा?" जेवताना तिने विचारलं.

सासरेबुवांनी घास खाली ठेवला. त्यांना घोषणा करायची असली की ते घास खाली ठेवत. "हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर निघते आहे. सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलणार आहेत. ती जो आपल्याकडे आणेल, त्याच्या हातात किल्ली. मग मुलगा असो की जावई. माझ्याकडे दुजाभाव नाही." हे सांगताना त्यांची नजर मुलावरून एकदाही ढळली नाही. मुलाला त्यांनी आदल्याच दिवशी नवा कोट शिवून दिला होता.

पण झालं असं की हॉटेलची खरेदी बघणाऱ्या बाईंनी कोटाची चौकशीच केली नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "काचेत माणूस झोपतो ते तुमचंच दुकान ना? उद्या दुपारी येते. झोपलेला असू द्या."

घरात आनंद आणि धसका एकदमच शिरले. झोपेश्वरावाचून चालणार नव्हतं, आणि झोपेश्वर पडणार हेही नक्की होतं.

तोडगा मेहुण्याने काढला. "सोपं आहे. पांघरुणाची चादर गादीला शिवून टाकायची. गळ्यापासून पायापर्यंत, दोन्ही कडांनी. हात आत, पाय आत. मग भावजींना काय झाडायचेत ते हातपाय आत झाडू दे. बाहेर दिसलं नाही म्हणजे झालं."

बाहेर दिसलं नाही म्हणजे झालं, हे तत्त्व सासरेबुवांना एकदम घरचंच वाटलं. "वा!" ते म्हणाले. "शिव तूच."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून जावईबापू काचेत आडवे झाले आणि मेहुण्याने गादीची लांब सुई हातात घेतली. दोऱ्याचं टोक चाटलं. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून पाहिला. मग दोरा उलट्या बाजूने चाटला. शेवटी म्हणाला, "ताई, जरा बघ गं. मला बाईंना फोन लावायचाय."

ताई काचेत चढली.

"अहो, सरळ झोपा बघू," ती बापाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि मागचं सरकतं दार ओढून घेतल्यावर आवाज खाली आणला. "पाय आत घे रे. आणि हलू नकोस, टोचलं तर बोंबलशील."

"फार घट्ट शिवते आहेस."

"सैल शिवायला मला येत नाही."

"बाहेर पोरं बघतायत."

"बघू देत. ऑपरेशन चाललंय वाटेल त्यांना." तिची सुई चादरीतून खाली, गादीच्या कडेतून वर, पुन्हा खाली, अशी चालली होती, कितीतरी दिवसांनी तिचे हात आणि ती एकाच ठिकाणी होते. "ऐक ना. आजचा दिवस पडू नकोस."

"मी काय हौसेने पडतो?"

"काय दिसतं रे तुला नक्की?"

जावईबापूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वळवण्यासारखी आता तेवढीच उरली होती. का पडता, हे त्यांना घरातल्या प्रत्येकाने विचारलं होतं. काय दिसतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. "जिना असतो. उतरतोय. शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकतो, आणि ती नसते."

"मग बघून टाक पाय."

"झोपेत?"

"कठडा धर."

"हात शिवलेस ना."

ती हसली आणि दोरा दातांनी तोडला. "ते दार हवंय मला. आतून कडी लागणारं. एवढं लक्षात ठेव."

"झोपेत कसं लक्षात ठेवू?"

"तुझं सगळं झोपेतच तर असतं. त्यात तेवढी जागा कर."

जावईबापूंनी जागा केली असावी, कारण ती दाराबाहेर पाय टाकते न टाकते तोच ते झोपले होते. बाई येणार या गडबडीत सकाळी गादी मागे ढकलायची मात्र ती त्या दिवशी विसरली. आदल्या दिवशीचं बोटभर आणि त्या दिवशीचं बोटभर असं मिळून गादीचं टोक पलंगाबाहेर डोकावत होतं.

पुढचं जावईबापूंना दुसऱ्यांकडून कळलं. बायकोने सांगितलं ते खरं असणार, कारण त्यात ती स्वतः फारशी नव्हती. मेहुण्यानेही सांगितलं, पण त्याच्या सांगण्यात तो स्वतः इतका होता की इतर कुणाला उभं राहायला जागा उरली नव्हती.

बाई आल्या. सपाट चपला, खांद्याला मोठी पिशवी, आणि सकाळपासून गावभरच्या गाद्यांवर बसून उठल्याचा थकवा. मेहुणा कोटाची बटणं लावत पुढे झाला. "या मॅडम, या! आमची गादी म्हणजे नुसती गादी नव्हे—"

"बोलते का?"

"अं? नाही मॅडम."

"मग बरं आहे." बाईंनी काचेकडे पाहिलं. "हा माणूस पगारी आहे?"

"छे हो!" सासरेबुवा दुखावल्यासारखे म्हणाले. "आमचे जावई आहेत."

"म्हणजे बिनपगारी." बाईंनी काचेवर टकटक केली. आत हूं की चूं नाही. त्यांनी जरा जोरात वाजवलं. एका कारकुनाने बाहेरून "शू!" केलं. "खरंच झोपलाय की. किती वेळ लागला?"

"मी वळेपर्यंत," बायको मागून म्हणाली.

बाई काहीतरी चांगलं बोलण्याच्या बेतात होत्या, असं सासरेबुवा पुढे कितीतरी दिवस सांगत असत. आणि नेमके त्याच क्षणी जावईबापू जिन्याच्या तळाशी आले.

त्यांनी पाय टाकला. पायरी नव्हती.

एरवी झटका आला की तो हातातून, पायातून वाट मिळेल तिकडे निघून जायचा. आज हात शिवलेले, पाय शिवलेले. झटक्याला जायला वाटच ठेवली नव्हती, तेव्हा तो सगळाच्या सगळा गादीत गेला. गादी उसळली. खाली साटीन, पलंग उतरता, टोक आधीच बाहेर. मेहुण्याच्या डिस्प्लेने त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून काम केलं. गादी जावईबापूंना पोटाशी घेऊन सुळकन निघाली आणि पलंगावरून खाली, काचेच्या तळाशी, धप्पकन येऊन बसली. काच थरथरली. पोरांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. सासरेबुवांनी डोळे मिटून घेतले. दुकानात त्या वेळी डोळे मिटलेली दोन माणसं होती.

जावईबापू? त्यांना आठवतं ते एवढंच: पायरी नव्हती, आणि मग काहीतरी निराळंच घडलं. या खेपेला जिनाही त्यांच्याबरोबर खाली आला. मऊ होता. पडणं इतकं बिनधोक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग जागं होण्यात काही अर्थ उरला नाही. ते घोरू लागले.

"उठला नाही," बाई म्हणाल्या.

मेहुण्याची जीभ सर्वांत आधी सावरली. "हेच! हेच दाखवायचं होतं मॅडम! आमची खास पद्धत आहे. माणूस पडला तरी—"

बाई ऐकायला थांबल्याच नाहीत. दार सरकवून त्या काचेत शिरल्या आणि जावईबापूंच्या शेजारी उकिडव्या बसल्या. चादरीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "याला शिवलाय."

सासरेबुवांचा चेहरा उतरला. "म्हणजे... ते... सुरक्षेसाठी..."

बाईंनी चादर दोन्ही मुठींत धरली, गादीवर एक गुडघा रोवला आणि सगळ्या ताकदीने ओढली. जावईबापू घोरण्यात एक सूर चुकले आणि पुन्हा सुरावर आले. टाका हलला नाही. बाईंनी दुसरी बाजू ओढून पाहिली. तिथेही तेच.

"आमच्या गाद्या वर्ष काढत नाहीत. कडेला उसवतात," त्या उठत म्हणाल्या. "मग पाहुणे बोट घालून आतला कापूस उपसत बसतात. का, ते देव जाणे. इथे आख्खा माणूस गादीसकट पडला आणि एक टाका सुटला नाही. कुणाचे हे टाके?"

"माझेच मॅडम," मेहुणा म्हणाला. सवयच तशी.

"अरे वा! घाला बघू एक."

बायकोने अगदी अदबीने सुई आणि दोरा भावाच्या हातात दिला. त्याने टोक चाटलं. एक डोळा मिटला. दुकानातला जो तो सुईकडे असा बघू लागला की सुईलाही संकोच वाटावा. "एक मिनिट हं, फोन वाजतोय," तो म्हणाला, आणि न वाजणारा फोन कानाला लावून बाहेर पडल्या तोंडाने उभा राहिला.

बायकोने सुई उचलली. न बघता दोरा ओवला, गादीच्या उघड्या कोपऱ्यात टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला. बाईंनी वाकून ओढून पाहिला आणि मान हलवली.

"तुम्ही इथे नोकरीला?"

"नाही नाही," सासरेबुवा घाईघाईने म्हणाले, "मुलगी आहे माझी."

"म्हणजे याही बिनपगारी," बाई म्हणाल्या. "ऑर्डर तुम्हाला देते. पण प्रत्येक गादीची कड यांच्या नजरेखालून जायला हवी. नाहीतर परत पाठवीन." आणि जाता जाता झोपलेल्याकडे बघून त्यांचा आवाज जरा खाली आला. "याला उठवू नका एवढ्यात. माझा नवरा असा झोपला असता तर मी पलंगासकट पुजला असता."

आता सासरेबुवा पेचात सापडले. शब्द दिला होता, तोही घास खाली ठेवून. किल्ली द्यायला हवी. मुलगा बाहेर मुक्या फोनशी बोलत होता. ऑर्डर मिळाली होती मुलीमुळे, आणि मुलीच्या हातात किल्ली द्यायची तर त्यांनी घोषणेत तिचं नाव घेतलेलं नव्हतं. पण सासरेबुवा व्यापारी होते. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी-बेरीज केली: मुलगी दिली जावयाला, म्हणजे मुलीने मिळवलं ते जावयाचं, म्हणजे किल्ली जावयाला. सगळं जिथल्या तिथे बसलं. ते काचेत शिरले आणि त्यांनी जावईबापूंच्या गालावर थोपटलं. इतक्या मायेने त्यांनी त्यांना याआधी कधी उठवलं नव्हतं.

जावईबापूंनी डोळे उघडले. छत रोजच्यापेक्षा उंच दिसत होतं. मध्ये सासऱ्यांचा चेहरा होता, आणि तो हसत होता. ते घाबरले.

"पडलो का?"

"पडलात. उत्तम पडलात! ही घ्या, नव्या गाळ्याची किल्ली. तुम्ही मिळवलीत."

काचेबाहेर तोवर अख्खी बँक जमली होती. जावईबापूंनी हात पुढे करायचा प्रयत्न केला. छातीपाशी चादर उंचावली आणि बसली. त्यांनी दुसरा हात करून पाहिला. दुसरीकडे चादर उंचावली आणि बसली. सासरेबुवा किल्ली पुढे धरून वाकलेले; त्यांच्या कमरेला वाकायची फारशी सवय नव्हती.

"घ्या ना हो, जावईबापू."

"कशी घेऊ, बाबा?"

"अहो, लोक बघतायत!"

बायको कात्री घेऊन आली. कात्री उजव्या हातात होती. रिकाम्या डाव्या हाताने तिने बापाच्या बोटांतून किल्ली काढून घेतली, मूठ मिटली, आणि मग नवऱ्याशेजारी मांडी घालून बसली.

"कापते हं, बाबा," ती म्हणाली. "पण वेळ लागेल. टाके घट्ट आहेत."

तिने मुळीच घाई केली नाही.

त्यानंतर काय व्हायचं ते होत गेलं. नव्या गाळ्याच्या काचेत एक सपाट पलंग आहे आणि त्यावर कुणी झोपत नाही. कडा ती शिवते, हाताखाली दोघीजणी तयार केल्या आहेत. जावईबापू गठ्ठे वाहतात, गिऱ्हाइकाला गाद्या खालवर करून दाखवतात आणि जेवण झालं की वर जाऊन झोपतात, अगदी खाजगी. जुन्या दुकानात डिस्प्ले बंद करणं सासरेबुवांच्या जिवावर आलं, म्हणून तिथे आता मेहुणा झोपतो. त्याला झोप येत नाही. पट्ट्यापट्ट्यांचा नाइटड्रेस घालून तो डोळे घट्ट मिटून पडतो, आणि फोन थरथरला की एक डोळा उघडतो. पोरांनी त्याला अजून नाव ठेवलेलं नाही. विचार चालू आहे.

वरच्या खोलीला दार आहे. दाराला आतून कडी आहे. बायको ती दिवसातून उगाचच दोनचारदा लावून उघडते. बाहेरच्या जिन्याला पायऱ्या लाकडी, आणि शेवटची इतरांपेक्षा जरा रुंद. पहिल्याच दिवशी तिने जावईबापूंना हाताला धरून तो उतरवला, शेवटच्या पायरीवर उभं केलं आणि म्हणाली, "ही बघ. आहे. नीट बघून ठेव."

त्यांनी नीट बघून ठेवली.

रविवार होता. दुकान बंद, कडी लावलेली, दुपार खिडकीतून आत येऊन पायथ्याशी पसरलेली. जावईबापू टेकले आणि लागली. जिना आला. ते उतरू लागले, एक हात खिशात. तळाशी आले, पाय टाकला. आणि पायरी होती! टणक, चांगली ऊबदार. त्यांनी सगळा भार तिच्यावर टाकला.

"आई गं!" शेजारी कुणीतरी ओरडलं.

"सापडली," जावईबापू डोळे न उघडताच म्हणाले. चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतलंच ते थोर समाधान. "या वेळी होती."

"ती माझी नडगी होती," बायको पाय चोळत म्हणाली. पण जावईबापू तोवर खाली पोचून पुढे चालू लागले होते.